तळातला टीव्ही

दौलतभाईंचा कुणावरच विश्वास नाही, असं सरावली गावात लोक म्हणायचे, पण ते काही खरं नव्हतं. भरती-ओहोटीवर त्यांचा विश्वास होता. आपल्या वाडीतल्या चिकूच्या झाडांवर होता. बायकोच्या हातच्या चहावरही होता. फक्त पहिला घोट रंभाबाईंनी स्वतः घेतलेला त्यांना दिसला पाहिजे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रंभाबाई तो घोट घेत. वाद घालण्यापेक्षा चहा पिणं सोपं होतं.

हा स्वभाव त्यांना धंद्यानं दिला. त्यांच्या घरात चिकूचा खोका भरायची एक रीत होती. वरच्या थराला मोठे, गोल, एका रंगाचे चिकू. मधल्या थराला मध्यम. तळाला झाडानं नाइलाजानं दिलेले. वडिलांनी शिकवलं तसं त्यांनी पुढे चालवलं आणि त्यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नाही. घेणाऱ्यानं हात घालून तळ बघावा, कुणी त्याचा हात धरलाय? मात्र या रितीचा एक परिणाम झाला. जगातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस असाच भरलेला असणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. त्यांच्या आयुष्यात शंका नसलेली अशी ही एवढीच जागा.

अलीकडे त्यांनी खोके छापून घेतले होते. झाकणावर दौलतभाईंचा मिशीसकट हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत, 'वरपासून तळापर्यंत एकसारखे'. हे वाक्य छापखान्यातल्या माणसानं सुचवलं. "तुला काय ठाऊक?" असं दौलतभाईंनी त्याला विचारलं होतं, पण वाचायला बरं वाटलं म्हणून राहू दिलं.

तर अशा दौलतभाईंच्या मुलीनं, भाविकानं, लग्न ठरवलं. भाविका डहाणूला शाळेत गणित शिकवायची. मुलगा तलासरीचा, जतीन नाव, टीव्ही आणि साउंडचं दुकान. त्याची आई दक्षाबेन घरी येऊन रीतसर विचारून गेली. मुलगा त्या दिवशी कुठल्या हॉटेलात स्पीकर बसवायला गेला होता, म्हणून आला नाही. त्या न येण्यावर दौलतभाई दोन दिवस विचार करत होते. "येत्या रविवारी काय ते सांगा," असं म्हणून दक्षाबेन गेल्या.

"मुलगा कसा आहे?" दौलतभाईंनी विचारलं.

"चांगला आहे, पप्पा."

"वरून की तळातून?"

भाविकानं हातातल्या वह्या खाली ठेवल्या. "पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून वगैरे जाणार नाही. पण रविवारनंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलेन. मीठ द्या, फोन आलाय, एवढंच."

भाविका बोलते ते करते, हे दौलतभाईंना चांगलं ठाऊक होतं. तिचं बोलणं बंद झालं तर या घरात त्यांच्याशी वाद घालायला कुणी उरणार नव्हतं. आणि वाद नसलेल्या घरात संशय घेऊन माणूस एकटा किती वेळ बसणार?

त्यांनी शेजारच्या देवजीला विचारलं. देवजी टीव्हीच्या विषयातला जाणकार होता, कारण तो या विषयात फसला होता. अच्छाडला हायवेवर त्यानं एका ट्रकवाल्याकडून एट-केचा टीव्ही घेतला होता. घरी येऊन स्टिकर सोलला तर खाली दुसऱ्या नावाचा स्टिकर. तो सोलला तर तिसरा. पुढचा सोलायची देवजीची हिंमत झाली नाही.

"दौलतभाई, त्याच्याकडून टीव्ही घ्या," देवजी म्हणाला. "माणूस माल कसा विकतो, त्यावरून घर कळतं. पण नाव सांगू नका. नाव सांगितलंत तर सासऱ्याला विकतो तसा विकेल."

सल्ला पटला. दौलतभाई दोन संध्याकाळी मोबाइल घेऊन बसले आणि टीव्हीचे सगळे शब्द पाठ केले. जितकं वाचलं तितका संशय वाढला. पाठ करणाऱ्याला समजू नये म्हणूनच हे शब्द केलेत, अशी त्यांची खात्री झाली. तिसऱ्या दिवशी डोक्यावर कॅप, डोळ्यांवर काळा गॉगल लावून ते टेम्पोत बसले.

"डोळे आलेत?" रंभाबाईंनी विचारलं.

"ऊन आहे," दौलतभाई म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

जतीन काउंटरमागे एका रिमोटचं पोट उघडून बसला होता. बारीक, चष्मेवाला, कानावर पेन्सिल. त्यानं वर पाहिलं आणि गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ पाहिलं. दौलतभाईंनी ते मनात टिपलं.

"या काका. नाव काय आपलं?"

"मुकेश. रानशेतचा."

"बसा मुकेशकाका. चहा घेणार?"

"तू आधी घे."

चहा आला. जतीननं घोट घेतला, मग दौलतभाईंनी घेतला. मग त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. "हा फोर-के?"

"हो."

"म्हणजे आडव्या रांगेत चार हजार ठिपके."

हा सापळा होता. मुलगा 'हो' म्हणाला की काय काय बोलायचं, ते दौलतभाईंनी वाटेत टेम्पोत जुळवून ठेवलं होतं.

"नाही काका. तीन हजार आठशे चाळीस."

जुळवलेलं सगळं भाषण वाया गेलं. "मग चार हजार का म्हणता?"

"म्हणायला बरं पडतं. सगळं जग म्हणतं. थोडे इकडेतिकडे."

"थोडे?"

"एकशे साठ," जतीन म्हणाला.

विचारलं नसताना स्वतःची तूट मोजून सांगणारा दुकानदार दौलतभाईंनी जन्मात पाहिला नव्हता. ते खुर्चीत सावरून बसले. याचा तळ फार खोल असणार.

"आणि तो पलीकडचा? एट-के?"

"नका घेऊ. एवढ्या ठिपक्यांत दाखवायला अजून कुणाकडे फारसं काही नाहीच. मग टीव्ही मधल्या जागा अंदाजानं भरतो. अपस्केलिंग म्हणतात."

"अंदाजानं? म्हणजे खोटं."

"अगदी खोटं नाही. आजूबाजूचे ठिपके बघून मधला कसा असेल ते ठरवतो. आपण माणसाचं नाही का करत? थोडा दिसतो, बाकीचा आपणच भरतो."

"मी नाही भरत."

"मग बरं आहे," जतीन म्हणाला आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

एचडीआरवर दोघांचं थोडं जमलं. साध्या टीव्हीत खिडकीतला उजेड दिसला तर खोलीचा कोपरा काळा होतो, आणि कोपरा दिसला तर खिडकी नुसती पांढरी पडते; एचडीआरमध्ये दोन्ही नीट दिसतं, असं जतीननं सांगितलं.

"कोपऱ्यात कुणी काय लपवलंय तेही दिसतं?"

"तेही दिसतं."

हा टीव्ही घ्यायचा, हे दौलतभाईंनी तिथंच ठरवलं. पण आवाजाशी आल्यावर पुन्हा अडलं. सेट फाइव्ह पॉइंट वन होता. पाच डबे लहान-मोठे, आणि सहावा घडवंचीएवढा, जमिनीवर ठेवायचा.

"पाच हे पाच. पॉइंट वन कुठला?"

"तो मोठा."

दौलतभाईंनी गॉगल जरा खाली सरकवून पाहिलं. बाजारात चिकू घालताना वजनातून थोडी सूट कापतात, तिला कडता म्हणतात. पाचावरचा हा पॉइंट एक त्यांना पहिल्यापासून कडत्यासारखाच वाटत होता. पण जगात असा कडता नाही की जो मालापेक्षा मोठा असतो.

"सगळ्यात मोठा डबा, आणि त्याची किंमत पॉइंट एक?"

"काका, बाकीचे पाच सगळं बोलतात. बारीक, जाड, रडणं, हसणं. हा फक्त खालचा घुमारा काढतो. ढोल, ढगांचा गडगडाट. काम थोडंच, म्हणून पॉइंट वन. पण बोलला की भिंती हलतात. घरातल्या मोठ्या माणसासारखा."

"कुणाच्या घरातल्या?"

"कुणाच्याही," जतीन म्हणाला.

मग ते मागच्या गोदामात गेले. तिथं टीव्हीच्या खोक्यांची थप्पी होती. जतीन वरचा खोका उतरवायला लागला तसा दौलतभाईंनी त्याचा हात धरला.

"तळातला दे."

"काका, तळातला मागच्या वर्षीचा आहे. वरचे यंदाचे. तळच्यात स्पीकरकडे आवाज न्यायची वाट अरुंद आहे, आवाज दाबून चेपून जातो. यंदाच्यात वाट मोठी आहे, सगळा आवाज जसाच्या तसा जातो. वरचा घ्या."

वरचे घ्या, तळाला काय बघता! हे वाक्य दौलतभाईंनी स्वतः इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना आपलीच वस्तू चोरीला गेल्यासारखं वाटलं.

"तळातलाच."

जतीननं तोंड उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं. "बरं. मग भाव मागच्या वर्षीचा लावतो. आणि ही केबल घ्या, माझ्याकडून. टीव्ही आणि स्पीकर केबलनंच जोडा, ब्लूटूथनं नको. पत्ता द्या, येऊन जोडून देतो."

"पत्ता नको. माझं मी बघेन."

फुकट केबल. शिवाय तीच लावायचा आग्रह. टेम्पो हायवेला लागेपर्यंत दौलतभाईंनी ती केबल दोन बोटांत, साप धरावा तशी धरली होती.

घरी त्यांनी टीव्ही लावला. पाच डबे मांडले, सहावा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला. केबल पुराव्यादाखल तांदळाच्या पिंपात गेली. टीव्ही आणि स्पीकर ब्लूटूथनं जोडले, कारण जतीननं नको म्हटलं होतं.

चित्र लखलखीत होतं. कोपरेही दिसत होते. आवाजही आला, पण आला तो चित्राच्या मागून. बातम्या सांगणारी बाई आधी तोंड हलवायची, शब्द जरा वेळानं यायचे, जणू तिला आतून कुणीतरी काय बोलायचं ते सांगत होतं. दौलतभाईंनी मागच्या दोन डब्यांना कान लावला. दोन्ही मुके.

ते कितीतरी वेळ पाहत राहिले. खरं म्हणजे त्यांना समाधानच वाटत होतं.

"रंभा, इकडे ये. भाविकालाही बोलाव." दोघी आल्यावर त्यांनी टीव्हीकडे हात केला. "बघा. तोंड एक बोलतंय, शब्द दुसरेच येतायत. पाचातले दोन तर बोलतच नाहीत. हा माल तलासरीचा आहे. असा माल विकणाऱ्याच्या घरात मी मुलगी देणार नाही. रविवारी नाही सांगायचं."

भाविकानं खोक्यावरचा दुकानाचा शिक्का पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. "पप्पा, हे त्याचं तोंड नाही. बातम्यांवाल्या बाईचं आहे."

"एकच."

"मीठ द्या," भाविका म्हणाली. जेवणाची वेळ नव्हती. तिनं नुसती सुरुवात करून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी दौलतभाईंनी दुकानात फोन लावला. "मी मुकेश बोलतोय, रानशेतचा. तुझा माल खोटा निघाला."

"काय होतंय, काका?"

"बाई आधी तोंड हलवते, मग बोलते."

"मागचे दोन स्पीकर बंद आहेत?"

"तुला कसं कळलं?"

"येतो," जतीन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आपण खडसावलं कसं, ते दौलतभाई रंभाबाईंना सांगत होते, तेव्हा मध्येच त्यांना आठवलं. पत्ता त्यांनी दिलाच नव्हता. हा जाणार कुठं? रानशेतला? तिकडे जाऊन मुकेश शोधत बसेल. शोधू दे.

तासाभरात दारात टेम्पो थांबला.

"मुकेशकाका आहेत का?" जतीननं विचारलं.

रंभाबाईंनी पदर सावरला. "आहेत ना. आत टीव्हीसमोर बसलेत."

जतीन आत आला, टीव्ही पाहिला, डबे पाहिले. "केबल कुठे आहे, काका?"

रंभाबाई आत गेल्या आणि तांदूळ झटकत केबल घेऊन आल्या. जतीननं ती जोडली. बाईचं तोंड आणि शब्द एकत्र आले. मागच्या डब्यांतून कुठल्याशा सभेतल्या टाळ्या ऐकू आल्या आणि दौलतभाईंनी दचकून मागे वळून पाहिलं.

"ब्लूटूथनं आवाज हवेतून जातो, काका. आधी त्याची घडी घालतात, पलीकडे उलगडतात. त्यात उशीर होतो. आणि त्या वाटेनं दोन डब्यांपुरताच आवाज मावतो, म्हणून मागचे मुके."

"ते राहू दे," दौलतभाई म्हणाले. "तुला घर कसं सापडलं? भाविकानं सांगितलं?"

"तिनं नाही सांगितलं. तुम्ही दुकानात आलात तेव्हाच ओळखलं."

"कॅप होती. गॉगल होता."

"मिशी बाहेर होती, काका. आमच्या घरी तुमचा खोका आहे."

दौलतभाईंच्या डोळ्यांसमोर झाकणावरचा हसरा माणूस उभा राहिला. रंभाबाईंनी चहा आणून ठेवला. दौलतभाईंनी तो तसाच तोंडाला लावला. पहिला घोट आपण घेतलेला नाही, हे रंभाबाईंच्या लक्षात आलं.

"म्हणजे मी कोण ते ठाऊक होतं, म्हणून खरं बोललास," दौलतभाई हळूहळू म्हणाले. त्यांचा सूर पुन्हा लागत होता. "एकशे साठ वगैरे. एट-के नका घेऊ वगैरे. सासऱ्यापुढे कोण खोटं बोलेल? रानशेतचा खराच मुकेश आला असता तर?"

"खरा मुकेश आला असता तर तळातला टीव्ही त्याला दिलाच नसता," जतीन म्हणाला. "भांडलो असतो. दुकानाबाहेर काढलं असतं, पण जुना दिला नसता. तुमच्याशी भांडायची हिंमत झाली नाही. ओळखीनं मी जास्त खरा नाही वागलो, काका. जास्त घाबरलो. चूक माझी. वरचा टीव्ही टेम्पोत आणलाय, बदलून देतो."

दौलतभाईंना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मुलात खोट सापडली होती. भित्रा होता. गेले चार दिवस ते ज्या तळासाठी हात घालत होते तो हाताला लागला होता, आणि तिथं एवढंच निघालं होतं. सासऱ्याला भिणारा जावई. याहून वाईट चिकू त्यांनी वरच्या थराला लावले होते.

"तो खोका," त्यांनी सावकाश विचारलं. "तुमच्या घरचा. कुणी आणला?"

"आईनं. इथं विचारायला यायच्या आधी. डहाणू रोडच्या बाजारातून. म्हणाली, माणूस माल कसा भरतो त्यावरून घर कळतं."

"मग?"

जतीननं चष्मा काढून पुसला. "आई खोका उलटा करून तळातून उघडते, काका."

रंभाबाईंनी पदराला तोंड पुसायचं निमित्त केलं. आतल्या दारात भाविका उभी होती. ती कधी आली कुणी पाहिलं नव्हतं.

"काय निघालं?" दौलतभाईंचा आवाज बातम्यांवाल्या बाईच्या शब्दांसारखा तोंडामागून आला.

"वरचे फार छान होते," जतीन म्हणाला. "आई म्हणाली, वर इतके चांगले आहेत तर जाऊन विचारू. तळाचं नंतर बघू."

त्यानं टीव्ही बदलला, डबे जागेवर लावले. भिंतीकडे तोंड करून बसवलेला मोठा डबा त्यानं न विचारता खोलीकडे फिरवला. आवाज सुरू झाल्यावर कपाटातल्या बशा हलल्या. जाताना तो "येतो, काका," म्हणाला. मुकेशकाका म्हणाला नाही.

रविवारी सकाळी दौलतभाई वाडीतल्या शेडमध्ये एकटे बसले होते. पुढ्यात नवा खोका होता आणि ते स्वतः भरत होते. एकेक चिकू उचलून तळहातावर फिरवायचा, अंगठ्यानं दाबायचा, मग ठेवायचा. त्यांना इतकं निवडताना रंभाबाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं. त्या जवळ आल्या आणि थबकल्या. सगळ्यात मोठे, गोल, एका रंगाचे चिकू तळाला गेले होते. आता वरच्या थराला बारके लागत होते.

"अहो, उलटं भरताय."

"नाही."

"वर बारके दिसतात."

"दिसू देत. ती बाई तळातून उघडते."

रंभाबाईंनी यावर थोडा विचार केला. हा माणूस सुधारला की आणखी बिघडला, ते त्यांना ठरवता येईना. "म्हणजे हो सांगायचं ना?"

"मग रिकाम्या हातानं कसं सांगायचं?"

त्यांनी शेवटचा बारका चिकू बसवला आणि झाकण लावलं. झाकणावरचा मिशीवाला त्यांच्याकडे बघून हसत होता. दौलतभाईंनी त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग खोका काखोटीला मारला आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "भाविका, चल. तलासरीला जायचंय."

"कशाला?" आतून आवाज आला.

"वाद घालायला," दौलतभाई म्हणाले.